उजळाईवाडी ते पेरेतोला

कोल्हापूरजवळची उजळाईवाडी आणि इटलीत फ्लॉरेन्सजवळचं पेरेतोला, या दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत. त्यांच्यामधलं सरळ हवाई अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर भरतं. पृथ्वीच्या गोलावर ही रेघ ओढली तर ती उजळाईवाडीहून वायव्येला निघते आणि मुंबई उजव्या हाताला ठेवून अरबी समुद्रावर येते. मकरानच्या किनाऱ्यावर तिला पुन्हा जमीन लागते. मग इराण तिरका कापून ती उत्तर इराकवरून तुर्कस्तानात शिरते आणि बल्गेरिया, बाल्कनचे डोंगर, एड्रियाटिक समुद्र असं करत टस्कनीत पोचते. ताशी साडेआठशे किलोमीटरच्या जेट विमानाला एवढं अंतर कापायला आठ तास पुरेत.

असं थेट विमान मात्र नाही. दोन्हीकडच्या धावपट्ट्या आखूड, त्यामुळे लांब पल्ल्याचं मोठं विमान दोहोंपैकी एकाही ठिकाणी उतरत नाही. कोल्हापूरहून मुंबईला जायचं, तिथून आखातातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर, आणि तिथून लहान विमानानं फ्लॉरेन्सला. हवेतले तास आणि वाट पाहण्याचे तास मिळून अठरा-वीस तास तरी जातात. वेळापत्रक जुळलं नाही तर त्याहून जास्त.

जगात विमानतळांच्या हजारो जोड्या असताना हीच जोडी घेण्याचं कारण असं की, या अंतराची पुरी किंमत कोल्हापूरच्या एका छत्रपतींनी मोजली आहे. ३० नोव्हेंबर १८७० रोजी दुसरे राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या जिथे मिळतात तिथे त्यांचं दहन झालं. ती जागा आजच्या पेरेतोला विमानतळापासून फार तर दोन-तीन किलोमीटरवर आहे.

परक्या मुलखात, परक्या शहरात संगम शोधावा असं त्यांच्या माणसांना का वाटलं असेल, हे आम्हा कुरुंदवाडकरांना समजावून सांगावं लागत नाही. कोल्हापूरला वळसा घालून येणारी पंचगंगा आमच्या गावाशी कृष्णेला मिळते. पलीकडे नरसोबाची वाडी, अलीकडे आमचा घाट. नदीकाठी सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. संताजी १६९७ साली शंभुमहादेवाच्या डोंगररांगेत मारले गेले, इथून कितीतरी दूर. तरी त्यांची समाधी संगमाशी आली. आपल्या लोकांच्या मनात शेवटची जागा म्हणजे दोन पाण्यांची भेट, हे किती खोल रुजलेलं आहे ते या काठावर उभं राहिलं की कळतं. राजाराम महाराजांच्या काळात कुरुंदवाड हे पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं, करवीरच्या गादीच्या अंमलाखालचं नव्हतं. पाणी मात्र कोल्हापूरहूनच यायचं, आजही येतं.

राजाराम महाराज जन्मानं पाटणकरांच्या घरातले. १८६६ साली दत्तक येऊन ते गादीवर बसले तेव्हा सोळा वर्षांचे होते. इंग्रजी चांगलं शिकले होते, इतकं की युरोपच्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीतच लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर ती १८७२ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं छापली गेली. तिचं संपादन प्रवासात त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी केलं. समुद्र ओलांडून युरोपला गेलेला पहिला गादीवरचा हिंदू राजा म्हणून राजारामांचं नाव घेतलं जातं. त्या काळात परदेशगमन म्हणजे धर्म बुडाला असं मानणारे लोक घरोघर होते. वीस वर्षांच्या तरुणानं, तेही शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्यानं, हे पाऊल उचलावं याला मोठी छाती लागते. त्याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं गेलेलं नाही असं मला वाटतं.

१८७० साली कोल्हापूरहून मुंबई गाठणं हाच मुळात एक प्रवास होता. संस्थानात आगगाडी नव्हती. रूळ होते ते पुण्यापर्यंत; खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये झाला होता आणि बोरघाट फोडून १८६३ मध्ये मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं होतं. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला एकतर कऱ्हाड-साताऱ्यावरून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर घोडागाडीनं किंवा बैलगाडीनं पुणं गाठावं लागे, नाहीतर सह्याद्रीचा घाट उतरून कोकणातल्या बंदरावर जहाज धरावं लागे. आज एस.टी.च्या मुंबई गाडीत रात्री बसणारा माणूस सकाळी उतरतो, त्याला या वाटेची कल्पना येणं अवघड आहे. नदीला उतार हवा, बैल बदलायला मिळायला हवेत, पाऊस पडायला नको. वळीव कोसळला की वेळेचा सगळा हिशेब चुकायचा.

मुंबईपासून पुढे पी अँड ओ कंपनीच्या आगबोटी होत्या. मुंबईहून एडन, एडनहून तांबड्या समुद्रातून सुएझ. एवढ्याच टप्प्याचं अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला होता, म्हणजे महाराज निघाले तेव्हा त्याला वर्षही पुरं झालं नव्हतं. डाकेचे प्रवासी अजून बऱ्याचदा सुएझला उतरून आगगाडीनं इजिप्त ओलांडत आणि अलेक्झांड्रियाला दुसरी बोट धरून युरोपचा किनारा गाठत. सगळं सुरळीत झालं तर मुंबई ते लंडन तीन-चार आठवडे. कोल्हापूरहून निघून लंडनला पोचायला एक महिन्याहून अधिक काळ धरावाच लागे, आणि परत यायला तेवढाच.

इंग्लंडमध्ये महाराजांनी पाहायचं ते मन लावून पाहिलं. पार्लमेंट, शाळा-कॉलेजं, कारखाने, नाटकगृहं, राणी व्हिक्टोरियाची भेट, उत्तरेला स्कॉटलंड. दिवसभर पाहिलेलं रात्री टिपून ठेवायचं हा नेम. पुढे राज्य चालवण्याची उमेद असलेल्या तरुणाची ही रोजनिशी आहे. अमुक संस्था कशी चालते, लोक तिथे कसे वागतात, हे तो विचारत राहतो. पुढच्या दहा-वीस वर्षांत या माणसाच्या हातून कोल्हापुरात काय झालं असतं, हा प्रश्न मनात येतोच.

महाराज इंग्लंडमध्ये होते त्याच उन्हाळ्यात जगात दोन गोष्टी घडत होत्या. त्यातली पहिली म्हणजे समुद्राखालची तार. मुंबईपासून एडन आणि सुएझमार्गे थेट इंग्लंडच्या कॉर्नवॉलपर्यंत तारेची साखळी जून १८७० मध्ये पुरी झाली. याआधी १८६५ पासून तुर्कस्तानातून जाणारी जमिनीवरची तार होती, पण तिच्यावरून निरोप पोचायला कित्येक दिवस लागायचे आणि हातोहात जाताना मजकूर बिघडायचा. नव्या तारेनं निरोप तासांत जाऊ लागला. माणसाला जिथे महिना लागत होता तिथे त्याच्या बातमीला दिवसही पुरेनासा झाला.

दुसरी गोष्ट युद्धाची. १९ जुलै १८७० ला फ्रान्सनं प्रशियाविरुद्ध लढाई पुकारली. सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. इंग्लंडहून हिंदुस्थानकडे येण्याची नेहमीची सोपी वाट फ्रान्समधून मार्सेलच्या बंदराकडे जायची, ती आता धोक्याची झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाराज निघाले ते बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असा पूर्वेकडून वळसा घेत, आल्प्सचे डोंगर ओलांडून इटलीत उतरण्यासाठी. युरोपातला नोव्हेंबर म्हणजे हाडं गारठवणारी थंडी. महाराजांना संधिवाताचं दुखणं जडलं होतं. वाटेत ते बळावलं, चालणं अशक्य झालं. तरी पुढे सरकत राहण्यावाचून उपाय नव्हता. इटलीतलं बंदर गाठायचं, बोट धरायची, मग उबदार समुद्र, मग मुंबई; सोबतच्या माणसांची सगळी आशा या एका क्रमावर टांगलेली असणार.

ते फ्लॉरेन्सपर्यंतच पोचू शकले. इटलीचं राज्य नुकतंच एक होत होतं आणि १८६५ पासून फ्लॉरेन्स त्याची राजधानी होती. शहरात मोठी हॉटेलं होती, परदेशी डॉक्टर होते. आर्नोच्या काठच्या एका हॉटेलात महाराज उतरले आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

पुढचा प्रश्न सोबतच्या कोल्हापूरकरांपुढे उभा राहिला. देह महिनाभराच्या प्रवासानं घरी नेणं शक्य नव्हतं. पुरायचं तर धर्माला मान्य नव्हतं. जाळायचं तर ख्रिस्ती शहरात दहनाची रीतच नव्हती. स्मशान नाही, चिता रचणारा नाही, परवानगी कोणाकडे मागायची तेही ठाऊक नाही. शेवटी शहराचे महापौर उबाल्दिनो पेरुत्झी यांच्याकडून मुभा मिळाली. शहराच्या पश्चिमेला कास्चिने नावाची लांबच लांब बाग आहे, आर्नोच्या काठाकाठानं जाणारी. तिच्या अगदी शेवटच्या टोकाला मुन्योने नावाचा लहानसा प्रवाह आर्नोला मिळतो. ही जागा ठरली.

रात्री देह तिकडे नेला. डिसेंबर सुरू होत होता. काठावर लाकडं रचून चिता केली, घरून आलेल्या माणसांनी घरच्या रीतीनं जेवढं करता येईल तेवढं केलं, आणि मध्यरात्रीनंतर अग्नी दिला. असलं काही कधी न पाहिलेले फ्लॉरेन्सचे लोक त्या थंडीत जमले होते. आठ हजार कोसांवरून आल्यासारखे दिसणारे हे पाहुणे आपल्या राजाला का जाळताहेत, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना कळलं नसेल. पण त्यांनी अडवलं नाही, आणि जाताना त्या जागेला मान देऊन गेले, हे पुढच्या दीडशे वर्षांत दिसून आलं. चिता विझल्यावर राख गोळा केली, अस्थी कलशात भरून घेतल्या.

मला या सगळ्या कथेत वारंवार दिसते ती मुन्योने. नकाशावर शोधावी लागेल एवढी ती नदी. आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या पात्रासमोर तिला कोणी विचारणार नाही. पण त्या रात्री ज्यांना संगम हवा होता त्यांनी ती हेरली. कोल्हापूरपासून साडेसहा हजार किलोमीटरवर जे हाताशी होतं त्यातून त्यांनी आपलं तीर्थ उभं केलं.

१८७४ साली त्या जागी स्मारक उभं राहिलं. चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं महाराजांचा रंगीत अर्धपुतळा घडवला, पागोटं आणि दागिन्यांसह. वरची घुमटीची छत्री चार्ल्स मॅन्ट यांच्या आराखड्यानुसार झाली. मॅन्ट म्हणजे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आणि टाऊन हॉलचा वास्तुकार. भवानी मंडपाकडून टाऊन हॉलच्या बागेत जाणारा कोल्हापूरकर जी कमान, जे कंगोरे रोज पाहतो, त्यांचं नातलग असलेलं बांधकाम आर्नोच्या काठावर उभं आहे.

कोल्हापुरात या मृत्यूचे पडसाद फार लांबपर्यंत गेले. गादीला वारस नव्हता. १८७१ मध्ये चौथे शिवाजी दत्तक आले. तेही अल्पवयीन, आणि त्यांचं आयुष्य तर अधिकच करुण ठरलं. १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा अंत झाला. पुन्हा दत्तक. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव आले, तेच आपले राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली त्यांच्या हाती कारभार येईपर्यंत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या त्या रात्रीपासून जवळजवळ पाव शतक, कोल्हापूरचा खरा कारभार इंग्रज अधिकारी आणि त्यांनी नेमलेले कारभारी यांच्याच हातात राहिला.

शाहूंच्या बालपणीच रुळांचा प्रश्न सुटायला लागला. १८८८ मध्ये त्यांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ झाला आणि १८९१ मध्ये गाडी धावू लागली. आमच्या बाजूच्या लोकांना मिरज जंक्शन म्हणजे जगाचं दार झालं. कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, १८९६ मध्ये तिथून बाहेर पडले आणि गावोगाव हिंडत लाहोरला पोचले. ५ मे १९०१ रोजी तिथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. रूळ नसते तर दृष्टी अधू झालेला आमच्या गावचा गवई एवढा मुलूख पालथा घालू शकला नसता.

शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. वाट तीच, बोटीची. पण निम्म्या तरी धास्ती कमी झालेल्या होत्या. घरच्या दारातून आगगाडी, मुंबईहून मोठी बोट, कालवा सरावाचा झालेला, तार हाताशी. महाराज परदेशात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या अंतरानं कोल्हापूरचा राजा हिरावला होता, त्याच अंतरापलीकडे राजा असताना कोल्हापुरात इतिहास घडवणारा कागद निघाला.

विमानांच्या गोष्टीला मात्र आणखी वेळ लागला. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. सात दिवसांचा प्रवास, आणि मधला बाझल ते जिनोवा हा तुकडा आगगाडीनं, कारण इटलीशी हवाई परवानगीचं जमत नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं छोटं पुस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहू ते बेल्लारी सरळ रेघ मारली तर ती कुरुंदवाडच्या पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवरून जाते. आमच्या तालुक्याच्या शेजारच्या आकाशातून विलायतेचं टपाल जायला तेव्हा सुरुवात झाली.

शाहूंचे पुत्र तिसरे राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. एवढ्या लहान संस्थानाच्या राजानं इतक्या लवकर ही सोय उभी करावी याचं कौतुक वाटतं. फ्लॉरेन्सला गेलेले राजाराम आणि हा विमानतळ देणारे राजाराम हे दोन वेगळे, पण एकाच गादीवरचे. उजळाईवाडीच्या विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव द्यावं असा ठराव राज्यानं केला आहे.

८ मार्च १९४८ ला कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तीनच महिन्यांनी, ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनेव्हामार्गे लंडनला निघालं. आठवड्यांचा हिशेब संपला, आता तास मोजायचे. कोल्हापूरच्या वाट्याला मात्र हे तास पुरते आलेच नाहीत. उजळाईवाडीहून विमानं सुरू व्हायची, थांबायची, पुन्हा आश्वासनं मिळायची. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं, पुढे हैदराबाद, बंगळूर, तिरुपती अशी नावं फलकावर आली, आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. कुरुंदवाडहून उजळाईवाडी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. महापुरात आमचे रस्ते पाण्याखाली जातात तेव्हा हेच चाळीस किलोमीटर बाकीच्या साडेसहा हजारांपेक्षा अवघड होऊन बसतात. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा आम्ही ते अनुभवलं आहे.

आता आमच्या गल्लीगल्लीत कुणाचा मुलगा जर्मनीला, कुणाची मुलगी अमेरिकेला. घरात म्हातारं माणूस गेलं की पहिला फोन तिकडे जातो आणि पहिला प्रश्न असतो, “कधीपर्यंत पोचतोस बाळा?” मग घरचे लोक भटजींशी बोलतात, बर्फ मागवतात, रात्र काढतात. विमान कुठे बदलायचं, मुंबईहून पुढची गाडी कधी मिळेल, अंगणात बसलेली शेजारपाजारची माणसंही बोटांवर तास मोजत असतात. पोर वेळेत पोचलं तर घाटावर अग्नी त्याच्या हातून, नाहीतर निदान अस्थी सोडायला तरी. राजारामांच्या माणसांना असले तास मोजायचा मार्गच नव्हता. त्यांच्यापुढे महिना होता, म्हणून त्यांनी संगमच तिथे शोधला.

स्मारकाशेजारून आता आर्नोवर १९७० च्या दशकातला तारांनी तोललेला मोठा पूल गेला आहे. त्याला पोंते आल्लिंदियानो म्हणतात, आणि त्या भागाला नुसतं इंदियानो. कोल्हापूरच्या राजाची आठवण फ्लॉरेन्सनं रोजच्या पत्त्यात जपली आहे. पेरेतोलाला उतरणाऱ्या मराठी माणसानं शहरातल्या प्रसिद्ध चित्रांकडे आणि घुमटाकडे वळण्याआधी टॅक्सीवाल्याला हे एक नाव सांगावं. बागेच्या टोकाशी उतरून थोडं चाललं की छत्री दिसते, तिच्या चारही बाजूंना वेगवेगळ्या भाषांतले लेख आहेत, आणि पलीकडे दोन नद्या.